तापमान स्थिर असताना

नियम लिहिणारी माणसं थंड गावात राहत असावीत, असा मला फार दिवसांपासून संशय आहे. बॉईलचा नियमच घ्या. ‘तापमान स्थिर असताना, ठरावीक वस्तुमानाच्या वायूचे आकारमान त्याच्यावरील दाबाच्या व्यस्त प्रमाणात असते.’ म्हणजे दाब दुप्पट केला की आकारमान निम्मं, तिप्पट केला की एक तृतीयांश, आणि दोघांचा गुणाकार कायम तेवढाच. ऐकायला छान. पण पहिले तीन शब्द पाहा. तापमान स्थिर असताना! नवतप्यात, यवतमाळात! आमच्याकडे सकाळी आठला अंगण तापतं, दुपारी पारा ४५ अंशांच्या आसपास ठाण मांडतो, रात्री अकराला गच्चीवरची गादी खालून भाजते आणि मधेच लाईन गेली की कूलरसकट घरातली सगळी स्थिर माणसं अस्थिर होतात. इथे स्थिर असतं ते फक्त पेपरात छापलेलं तापमान, आणि तेही आदल्या दिवशीचं.

हा नियम माझ्या म्हातारपणी पुन्हा माझ्या घरात शिरला तो भाच्याच्या दप्तरातून. भाचा पुण्याचा, अकरावी विज्ञान. सुटीत ‘आपल्या परिसरातील बॉईलच्या नियमाचे उदाहरण शोधून निरीक्षणे लिहा’ असा प्रकल्प त्याला मिळाला होता. पुण्याला परिसर नाही अशातला भाग नाही. पण बहिणीने फोनवर सांगितलं, “दादा, तुझ्याकडे पाठवते त्याला. तुला तसंही काही काम नसतं.” आणि वर, “उन्हात फिरवू नकोस.” मे महिन्यात भाच्याला यवतमाळला पाठवायचं आणि उन्हात फिरवू नकोस म्हणायचं!

मी कला शाखेचा. नियमाचा पुढचा अर्धा भाग मला पाठ होता, कारण तो आमच्या जिल्ह्याचा कुळाचारच आहे. दाबलं की मावतं. ट्रंकेत, ट्रॅक्टरमध्ये, लग्नाच्या पंगतीत, तीन आसनी ऑटोत. मी म्हटलं, “प्रकल्प काय घेऊन बसलास? उद्या सकाळी एसटीने राळेगावला जाऊ. बसस्थानकावरच तुझा प्रकल्प संपेल.”

बस लागली तेव्हा ती भरलेलीच होती. फलाटावरची सगळी माणसंही आत जायचीच होती. खिडकीतून रुमाल, टोप्या, पिशव्या आणि एक पाच वर्षांचा मुलगा आसनं धरण्यासाठी आत गेले. मग दारातून त्यांचे मालक. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पण अर्ध्या तिकिटाला माणूस पूर्णच बसतो, शिवाय सोबत टरबूज असतं. मी एका पायावर होतो. दुसरा पाय कुठे होता ते कळंबला कळलं.

“मांगं सरका ना भाऊ, मांगं लय जागा हाये!” कंडक्टर ओरडला.

एसटीतली मागची जागा कुणी पाहिलेली नाही. पण तिच्यावर श्रद्धा ठेवून आम्ही सरकलो. सरकल्यावर खरोखरच आणखी आठजण आत आले.

“लिही,” मी भाच्याच्या कानात म्हटलं. त्याचा कान माझ्या तोंडाशी होता, मान मात्र कुठे होती सांगता येत नाही. “जागा कमी, दाब जास्त. बॉईल.”

“मामा, जागा कुठे कमी झाली? बस आहे तेवढीच आहे. माणसं वाढली.”

“मग?”

“वस्तुमान वाढलं. नियमात ठरावीक वस्तुमान लागतं.”

“काय ठरावीक लागते?” कंडक्टरने मधेच विचारलं. गर्दीत कंडक्टरला सगळं ऐकू येतं, फक्त ‘सुटे द्या’ ऐकू येत नाही.

“वस्तुमान.”

“आमच्याकडं ठरावीक फक्त तिकीट हाये. बाकी येतीन तेवढे घेतो.”

तरीही बस हलेना. ड्रायव्हर सीटवर बसून काट्याकडे बघत होता. कुणीतरी विचारलं, “काहून थांबली बे?” उत्तर आलं, “हवा बनून राहिली.” ब्रेकच्या टाकीत कॉम्प्रेसर हवा कोंबत होता. माझे डोळे चमकले. भाच्याने मान हलवता येत नसल्याने नुसती भुवई हलवली. टाकी तेवढीच, हवा नवी नवी आत येतेय, म्हणजे पुन्हा वस्तुमान वाढलं. मी मनात म्हटलं, या पोराला वस्तुमानाचं वेड लागलंय. मग त्याने दुसरा मुद्दा काढला. नुसता उभा असलेला माणूससुद्धा साधारण शंभर वॉट उष्णता बाहेर टाकतो. बसमध्ये सत्तर माणसं म्हणजे सात किलोवॉटची शेगडी. “म्हणजे तापमानही स्थिर नाही,” तो म्हणाला. हे मला त्याने सांगायची गरज नव्हती. माझा सदरा माझ्या आधी सांगत होता.

राळेगाव तालुक्यात माझी सासुरवाडी. तिथे मेव्हण्याने कापूस ठेवला होता. आमच्याकडे दिवाळीनंतर कापूस घरात येतो आणि ‘भाव वाढंन’ या एका वाक्यावर उन्हाळ्यापर्यंत घरातच राहतो. आधी तो पडवीत असतो, मग मधल्या खोलीत येतो, मग देवघराला फक्त पाय टेकवण्यापुरती जागा ठेवून बाकीचं घर ताब्यात घेतो. माणसं ओसरीवर झोपतात. ती मधली खोली आढ्यापर्यंत पांढरी झालेली पाहून भाचा प्रथमच खूश झाला.

“मामा, हे बहुतेक सगळं हवाच आहे!”

“मोठ्यानं नोको बोलू,” मी दबक्या आवाजात म्हटलं. मेव्हणा दारातच उभा होता, आणि त्याच्या वर्षभराच्या मेहनतीला कुणी हवा म्हटलेलं त्याला चाललं नसतं.

पण पोराचं म्हणणं खोटं नव्हतं. कापसाचा धागा स्वतः पाण्याच्या दीडपट जड. तरी खोलीभर कापूस हलका वाटतो, कारण धाग्याधाग्यात हवा बसलेली. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते, पाचेक क्विंटल कापसातून १७० किलो रुई निघते, आणि प्रेसवाले तिची एक गाठ बांधतात. ती गाठ एवढी घट्ट की टेकून बसलं तर पाठ दुखते, आणि तिच्यातही निम्म्याहून जास्त जागा हवेचीच. मी म्हटलं, “बघ, दाब वाढला, आकारमान कमी झालं. लिहून टाक आणि जेवायला चल.”

त्याआधी प्रात्यक्षिक झालं. कोपऱ्यातल्या ढिगावर घरातली पोरं नाचवायची होती. मेव्हण्याच्या पोरांना हे काम आवडतंच. पोरं नाचली, ढीग कंबरेएवढा होता तो मांडीएवढा झाला. भाच्याने पट्टी लावून मोजला. आम्ही चहा पिऊन आलो तोवर ढीग पुन्हा वर आला होता. पोरं पुन्हा नाचली. मग मीही चढलो. माझं वजन आणि विज्ञान यांचा असा उपयोग प्रथमच होत होता. मी एकदा नाचलो आणि ढिगात कंबरेपर्यंत गेलो, चष्मा त्याच्याही खाली गेला, आणि तो शोधताना मेव्हण्याला गेल्या पोळ्यापासून हरवलेला विळा सापडला.

“मामा, पण हवा बाजूने निघून जातेय,” वरून आवाज आला. “कोंडलेली हवा नाही ही. वस्तुमान...”

“गेली त जाऊ दे ना हवा,” मेव्हणा वैतागला. “कापूस राहिला पायजे.”

रात्री पाहुण्यांचा मान म्हणून आम्हाला पंख्याखाली, म्हणजे कापसाच्या खोलीच्या दारात, झोपवलं. साठवलेल्या कापसातले किडे फार बारीक असतात. ते कुणाला दिसत नाहीत, पण कुणालाही विसरत नाहीत. मी रात्रभर खाजवत होतो. भाचा म्हणाला, “मामा, निरीक्षणांत लिहू का?” मी त्याच्याशी पहाटेपर्यंत बोललो नाही.

सकाळी निघताना मेव्हण्याने स्वतःचं उदाहरण दिलं. “जवाईबापू, तुमचा तो बॉईल बाजारातलाच माणूस दिसते. आवक दुप्पट झाली का भाव निम्मा. गुणाकार तेवढाच.”

“आणि तापमान?” भाच्याने विचारलं.

“ते आमचंच वाढते,” मेव्हणा म्हणाला.

मला हे उदाहरण सगळ्यांत पटलं होतं. पण प्रकल्प भौतिकशास्त्राचा होता.

घरी परतलो तर सिलिंडर संपत आला होता आणि बायको तो हलवत होती. नंतर तो आडवा करणं हे आमच्या घरातलं ठरलेलं कर्मकांड. त्यात टाकी धरण्याचं काम माझं. भाचा धावत आला. “मामी, आडवा नको! आत द्रव आहे, तो नळीत येईल.” मग त्याने समजावलं, की टाकीत गॅस दाबून द्रव केलेला असतो. थोडा द्रव वायू होतो, तेवढा आपण जाळतो, लगेच तेवढाच पुन्हा वायू होतो. शेवटचा थेंब असेपर्यंत दाब कमी होत नाही, तो फक्त तापमानावर चालतो. त्यामुळे हलवून काही होत नाही. किती उरलं ते हवं असेल तर वजन करायचं. आत भरताना १४.२ किलो असतो, रिकाम्या टाकीचं वजन वरच्या कड्यावर लिहिलेलं असतं.

“म्हणजे इतकी वर्षं मी हलवत होते ते?” बायकोने माझ्याकडे पाहून विचारलं. जणू सिलिंडर मी शोधून काढला होता.

“व्यायाम झाला ना,” मी म्हटलं. त्या दिवशी पोळ्या थोड्या जाड आल्या.

टायरचं फार सांगत नाही. आर्णी रोडच्या कडेला एकाने स्कूटरमध्ये हवा भरताना विचारलं, “किती टाकू?” मी म्हटलं, “बॉईलप्रमाणे.” त्याने चाळीस टाकली. भाच्याने सांगितलं, की काट्यावरचा शून्य खरा शून्य नसतोच, तो बाहेरच्या हवेचा दाब सोडून मोजतो. आणि दर दहा अंशांनी टायरातला दाब दीडेक पीएसआय वाढतो, कारण टायर काही फुगून मोठा होत नाही. हा दुसऱ्याच शास्त्रज्ञाचा नियम. हवा भरणाऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “एवढा विचार करून हवा भरली त घरी कवा जाईन म्या?”

मग माझ्या डोक्यात चिखलदरा आलं. तिथे जाण्याची बायकोची इच्छा लग्नाइतकी जुनी आहे. प्रकल्पाच्या नावाखाली ती पूर्ण करायची ठरली. यवतमाळात घेतलेलं वेफर्सचं पाकीट घट्ट बंद. आत ठरावीक हवा, बाहेर एक इवलंसं भोकही नाही. वस्तुमानाचा प्रश्नच मिटला! यवतमाळ समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास, चिखलदरा अकराशेच्या वर. वर हवा विरळ, बाहेरचा दाब सातेक टक्क्यांनी कमी, म्हणजे पाकीट फुगणार. परतवाड्यापासून घाट सुरू झाला तसं मी पाकीट मांडीवर घेऊन बसलो. प्रत्येक वळणावर बोटाने दाबून बघायचो. मागच्या सीटवरच्या बाई म्हणाल्या, “फोडा ना आता, किती वेळचे हाताळून राहिले.” वर पोचेपर्यंत पाकीट टम्म झालं. मी ते बसमधल्या सगळ्यांना दाखवलं. एका गृहस्थांना वाटलं, मी ते विकतो आहे. त्यांनी भाव विचारला.

भाच्याने मात्र दाराबाहेर पाऊल टाकलं, हाताच्या केसांवर वारा घेतला आणि म्हणाला, “मामा, इथे किती गार आहे.”

“छान ना?”

“म्हणजे तापमान स्थिर नाही. गार हवा आकसते. पाकिटाचा थोडा फुगवटा गारठ्याने खाल्लाय.”

एवढ्या लांबून ज्या गारव्यासाठी माणसं येतात, त्या गारव्यानेच आमचा प्रकल्प बुडवला. बायको म्हणाली, “प्रकल्प बुडू दे, पाकीट फोडा.” आत चौदा वेफर्स होते. बाकी बॉईल.

शेवटी भाच्यानेच मार्ग काढला. औषधाच्या दुकानातून दहा मिलीची सिरिंज आणायची, तोंड बंद करायचं, दट्ट्यावर वजनं ठेवायची. मी दुकानात गेलो.

“दहा मिलीची सिरिंज. सुई नको.”

“सुई नाही? मंग टोचाल कशानं?”

“टोचायचं नाही. दाबायचं आहे. आत हवा आहे.”

दुकानदाराने सिरिंज दिली, पण पैसे घेताना हात थोडा लांब ठेवला. संध्याकाळी शेजारचे काका दारात. “काय बाप्पा, हवेचं इंजेक्शन घेऊन राहिले म्हणे? या वयात?” त्यांच्यामागे काकू, त्यांच्यामागे साबुदाण्याची खिचडी. आजारी माणसाला खिचडी आणायची पद्धत चांगली आहे. ती संपेपर्यंत मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

सिरिंजचं तोंड मेणबत्तीवर वितळवून बंद केलं आणि ती जिन्याच्या कठड्याला दोरीने उभी बांधली. जिनाच का, तर बॉईलनेही जिनाच वापरला होता. ही गोष्ट भाच्याने सांगितली तेव्हा मला त्या माणसाविषयी प्रथमच आपुलकी वाटली. रॉबर्ट बॉईल १६२७ साली आयर्लंडमध्ये जन्मला. श्रीमंत अर्लचं चौदावं अपत्य, म्हणजे गर्दीचा अनुभव जन्मापासूनच. हवेला स्प्रिंगसारखी उसळी असते, असं त्याने लिहिलं. फ्रान्सिस लायनस नावाच्या एका जेझुइटाने ते खोडून काढलं. नळीतला पारा हवेच्या दाबाने उभा राहत नाही, एक अदृश्य दोरी त्याला वर धरून ठेवते, असं त्याचं म्हणणं. अदृश्य दोरीला उत्तर द्यायचं म्हणून बॉईलने इंग्रजी जे अक्षरासारखी वाकवलेली लांबलचक काचेची नळी घेतली. ती खोलीत मावेना, म्हणून जिन्यात उभी केली. नळी फुटली तर पारा वाया जाऊ नये म्हणून खाली लाकडी पेटी ठेवली. एक माणूस वरून पारा ओतणार, दुसरा खाली आकडे वाचणार. कोंडलेली हवा निम्म्यावर आणायला सुमारे २९ इंच पारा लागला, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब होता तेवढाच आणखी. १६६२ साली त्याने तो तक्ता छापला. ही कल्पना आपल्या आधी रिचर्ड टाउनली या गृहस्थांना सुचली होती, हेही त्याने लिहून ठेवलं. फ्रान्समधले लोक मात्र या नियमाला आजही मारिऑतचं नाव देतात. भांडण जिंकून श्रेय वाटणारा माणूस आमच्या कॉलनीच्या गणेश मंडळात सापडायचा नाही.

आमचा प्रयोग भर दुपारी सुरू झाला. दोन किलोचं वजन किराणा दुकानातून उसनं आणलं होतं. दट्ट्यावर ठेवताच ते माझ्या पायावर आलं. दुसऱ्या खेपेला शेजारच्या काकांच्या पायावर. काका म्हणाले, “दाब वाढला, मानतो.” मग लाकडी फळीचा तुकडा वर बसवला. दट्ट्याचं रबर नळीला चिकटून राहायचं, म्हणून प्रत्येक वेळी हलकेच फिरवायचं. दट्ट्याचं क्षेत्रफळ दोन चौरस सेंटिमीटरच्या आसपास, म्हणून दोन किलो म्हणजे बाहेरच्या हवेइतकाच दाब. दट्ट्या खाली गेला. पाच मिलीच्या रेषेजवळ येऊन थांबला. निम्मं! मी आनंदाने जेवायला गेलो. परत आलो तर खिडकीतून आलेलं ऊन सिरिंजवर पडलं होतं आणि दट्ट्या रेषेच्या किंचित वर सरकला होता.

“तापमान,” भाचा म्हणाला. त्याच्या आवाजात आता कीव होती. “बॉईलनेही दाबलेल्या हवेजवळ मेणबत्ती नेऊन पाहिली होती. त्याची हवाही फुगली.”

“आपण मेणबत्ती लावलीच नाही.”

“आपल्याकडे गरजच नाही.”

मग ठरलं, की पहाटे करायचं. यवतमाळच्या उन्हाळ्यात तापमान स्थिर असण्याची एकच घटिका आहे, सूर्य उगवण्याच्या आधीची. त्या घटिकेला मला उठवण्यात आलं. भाच्याचं म्हणणं, वजन ठेवलं की लगेच वाचायचं नाही. दाबताना हवा स्वतःच थोडी तापते, तिला निवू द्यायचं. मी जिन्यात बसून हवा निवण्याची वाट पाहत होतो. दूधवाल्याने विचारलं, “कोण गेलं?”

दहा मिली, वजनाशिवाय. दोन किलो ठेवल्यावर पाच. चार किलो ठेवल्यावर तीन पूर्णांक तीन. गुणाकार दहा, दहा आणि नऊ पूर्णांक नऊ. नऊ पूर्णांक नऊमधला उरलेला शून्य पूर्णांक एक कुठे गेला याचा मी विचार करत होतो. भाचा म्हणाला, “मामा, हे बॉईललाही चाललं असतं.”

खरा धक्का नंतर बसला. चहाच्या वेळी भाच्याने हिशेब मांडला. हवेला अंश सेल्सिअस कळत नाही, ती शून्याखाली २७३ पासून मोजते. त्यामुळे पहाटेचे ३० अंश म्हणजे तिच्यासाठी ३०३, आणि दुपारचे ४५ म्हणजे ३१८. फरक पाच टक्क्यांचा.

“पाच टक्के?” काका उठून उभे राहिले. “एवढा सारा उन्हाळा, अन् पाच टक्के?”

“हो.”

“हे पुण्यात मोजलं असंन.”

काका दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. चंद्रपूरच्या पाऱ्यापुढे आम्ही दरवर्षी हरतो ते त्यांनी कसंबसं सोसलं होतं. पण विज्ञानाने आमच्या नवतप्याला पाच टक्के गुण द्यावेत, हे त्यांना सोसवेना. संध्याकाळी त्यांनी कूलरचं वाळं पुन्हा ओलं केलं आणि त्याच्यासमोर बसून एकूण एक शास्त्रज्ञांना नावं ठेवली.

भाच्याच्या प्रकल्पाला पूर्ण गुण मिळाले. शेरा होता, ‘उदाहरण परिसरातील नाही.’

कुणाला घरी करून पाहायचं असेल तर दहा मिलीची सिरिंज घ्या, तोंड पक्कं बंद करा, वजनं फळीवर ठेवा आणि वाचण्याआधी दोन मिनिटं थांबा. जानेवारीत करा. आणि दुकानदाराकडून सुईही मागून घ्या, ती वापरू नका, पण घ्या. दोन-चार रुपये जास्त गेले तरी खिचडी खावी लागत नाही.